गोळी नाही, औषध नाही

हे मी अख्खं असं कुणालाच सांगितलेलं नाही. तुकड्या-तुकड्यानं सांगितलंय. एक तुकडा नवऱ्याला, एक आमच्या चर्चच्या मंडळीला, एक मोठा तुकडा हौसाला. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता — नाही. आज बसलेय. शिलाई मशिनीवर कुणाचं तरी ब्लाऊज अर्धं राहिलंय, राहू दे.

तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळं जरा सोपं जातंय. ओळखत असतात तर म्हणाला असता, करुणाताई होय? पाटातून बाई काढली ती? — आणि मग माझं तोंड पुन्हा मिटलं असतं. इतकी वर्षं तसंच तर मिटत आलं. शिव्या खाल्लेला माणूस कधीतरी बोलतो. पण गळ्यात हार घातलेल्या माणसानं कुठं सुरुवात करायची?

गिरणीपासून करते.

राजुरीच्या शिवारात आमची वस्ती. मी कपडे शिवते, माझा नवरा शमुवेल पिकअप चालवतो. शेतकऱ्यांचे टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला पोचवायचे, हे त्याचं काम. आमचं घर ख्रिस्ती, माझ्या आजेसासऱ्यांपासून. आजूबाजूला सगळी शेतकऱ्यांची घरं, थोडी धनगरांची. नाताळच्या करंज्या आमच्याकडून सगळीकडं जातात, दिवाळीचा फराळ सगळीकडून येतो. कधी कुणी वाईट बोललं नाही. म्हणजे, तोंडावर नाही.

धाकटा अंगावर पीत होता तेव्हाची गोष्ट. पिठाच्या गिरणीत दळण घेऊन उभी होते आणि मला पहिली फिट आली. शुद्ध आली तेव्हा नाकाशी कुणाचीतरी चप्पल धरलेली, तोंडात पिठाची आणि रक्ताची चव, आणि डोक्यावर बायकांचं बोलणं चाललेलं. त्यातली एक म्हणाली, "देव सोडले की असंच व्हतं."

ती बाई वाईट नव्हती. मला आधार देऊन तिनंच घरी आणून सोडलं, माझं दळणही आणलं. पण ते वाक्य माझ्या अंगात शिरलं ते शिरलंच. फिट पुन्हा आली, परत आली. दर वेळी शुद्धीवर आले की आधी तेच ऐकू यायचं.

मंडळीनं माझ्यासाठी उपास धरले. आमची मंडळी म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, बसायला सतरंज्या. पाळक याकोबसाहेब दर रविवारी जुन्नरहून मोटारसायकलवर यायचे. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते प्रार्थना करायचे आणि त्यांचा आवाज भरून यायचा. त्या प्रार्थना खऱ्या होत्या. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं तुम्हाला वाटेल की सगळंच खोटं होतं.

त्याच दिवसांत शमुवेल मला नारायणगावच्या एका डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं — रोज घ्यायच्या, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं कधी बंद करायच्या नाहीत. मी घ्यायला लागले. फिट थांबल्या.

प्रार्थनेनं थांबल्या की गोळीनं? आज कुणी विचारलं तर मी हसते. ज्यानं प्रार्थना ऐकली त्यानंच डॉक्टरला बुद्धी दिली, यात भांडण कुठं आहे? पण तेव्हा मला भांडण दिसलं. भांडण नव्हे — संधी दिसली.

कापणीच्या सणाला आमच्याकडं बाहेरची माणसंही जेवायला येतात. कुणी बाजरीची कणसं आणतं, कुणी कांदे, कुणी टोमॅटोचा क्रेट आणून पुढं ठेवतं. खोली भरून माणसं दारापर्यंत उभी असतात. त्या वर्षी साहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. मी उठले. "प्रभूनं मला बरं केलं," म्हणाले. एवढं बोलून खाली बसले असते तर आज लिहायला काही उरलं नसतं. पण दारात ती गिरणीतली बाई उभी होती. हातात पत्रावळ होती तिच्या. माझ्याकडंच बघत होती.

आणि मी म्हणाले, "गोळी नाही, औषध नाही. नुसती प्रार्थना!"

काय टाळ्या पडल्या! पत्रा हलला. साहेबांनी दोन्ही हात वर केले. ती बाईही पत्रावळ खाली ठेवून टाळ्या वाजवत होती. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो काटा चांगला वाटला. खोटं सांगत नाही आता.

 परत येताना शमुवेल गाडी चालवता चालवताच म्हणाला, "असं कशाला म्हणालीस?"

"लोकांचा विश्वास वाढतो," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. दर महिन्याला तो नारायणगावहून गोळ्या आणायचा आणि न बोलता माझ्या हातात ठेवायचा. मी त्या मशिनीच्या खणात, बॉबिनच्या डब्यात, दोऱ्यांच्या खाली ठेवायचे.

मग मला बोलावणी यायला लागली. ओतूर, मंचर, घोडेगाव — जिथं सभा असेल तिथं. माईक हातात द्यायचे. आणि साक्ष कशी वाढते माहीत आहे का? दर वेळी थोडीथोडी. ओतूरला मी सांगितलं, डॉक्टरांनी हात टेकले होते. घोडेगावला सांगितलं, मला मरायला टेकलेली समजून घरी आणलं होतं. मंचरला तर म्हणाले, गोळ्यांची पाकिटं मी स्वतःच्या हातानं फेकून दिली! आणि त्याच दिवशी, सभेला निघण्याआधी, घोटभर पाण्याबरोबर मी माझी गोळी घेतली होती. बायका माझा हात हातात धरून रडायच्या. एक कुटुंब माझी साक्ष ऐकून मंडळीत आलं. मी कोण होते हो त्याआधी? ब्लाऊज शिवणारी बाई, जिला फिट येतात.

आता हौसा.

हौसा आमच्या वस्तीच्या पलीकडं राहते. धनगराचं घर. तिचा नवरा बबनराव मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा तो उन्हाळ्यातच परत यायचा. मागं हौसा, थोडी शेती, आणि मंगल नावाची तिची लेक, तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. हौसा हसायला लागली की लांबून ऐकू येतं. माझ्या मशिनीशेजारी जमिनीवर बसून ती मटारच्या शेंगा सोलायची आणि सगळ्या वस्तीची खबर द्यायची. माझी मैत्रीण. दुसरा शब्द नाही.

तिलाही फिट यायच्या. लहानपणापासून. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळं बरी होती. पण गोळ्यांचा तिला कंटाळा आला होता. झोप येते, डोकं जड होतं, म्हणायची. एके दिवशी शेंगा सोलता सोलता थांबली.

"ताई, खरं सांग. तू गोळी घेतच न्हाईस?"

माझा हात मशिनीच्या खणावर होता. खरोखर, खणावरच. आत डबा, डब्यात गोळ्या. सभेत माईकवर बोलणं वेगळं. इथं मैत्रीण विचारत होती, हळू आवाजात, कारण तिला तिच्या जिवाचं ठरवायचं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"तुझ्या देवाची आण?"

आम्ही ख्रिस्ती लोक आण घेत नाही, असं म्हणून सुटता आलं असतं. मी मान हलवली. वरखाली.

थोड्या दिवसांनी ती आनंदानं सांगत आली — "मीबी सोडल्या! चुलीत घातल्या. तू तुझ्या देवाला माझं नाव सांगून ठेव हं ताई. म्या त्याचं काय केलं न्हाई आजपतुर, पण तू सांगितलंस की ऐकंल तो."

अजून वेळ होती ना? तेव्हाच सांगायचं होतं. डबा काढून तिच्यापुढं आपटायचा होता. मी काय केलं? मी म्हणाले, "सांगते." आणि खरंच सांगितलं. रोज गुडघे टेकून मी हौसासाठी प्रार्थना करत होते. वस्तीला वाटायचं, केवढी माया! प्रार्थना हौसासाठी नव्हती. देवा, हिला फिट येऊ देऊ नको, नाहीतर माझं उघडं पडेल — ही ती प्रार्थना. मी देवाला माझ्या खोट्याचा राखणदार केलं.

पाटाला पाणी सुटलं की आम्ही दोघी मिळून धुणं धुवायला जायचो. आमच्या बाजूचा पाट लहान आहे, पाणी कमरेएवढं. बाजूनं ऊस. त्या सकाळी दुसरं कुणी नव्हतं. मी काठावर कपडे पिळत होते. हौसा पाण्यात उतरून गोधडी खंगाळत होती, काहीतरी सांगत होती, हसत होती. हसणं मध्येच तुटलं.

गावाला माहीत आहे ते असं — हौसाला फिट आली, ती पाण्यात पडली, करुणानं "येशू!" म्हणून हाक मारली आणि तशीच उडी घेतली. मीच सांगितलंय असं.

तसं नव्हतं.

हौसा तोंडावर पडली. पाण्यात. हात-पाय झटके देत होते. तिच्या हातातली गोधडी सुटली आणि पाण्याबरोबर माझ्या दिशेनं यायला लागली. मी उभी होते. पाणी कमरेएवढं, मला माहीत होतं. पाच पावलं असतील-नसतील. आणि माझ्या मनात आलं — आता कुणाला कळणार नाही. हिनं गोळ्या सोडल्या होत्या हे हिच्याशिवाय नि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही.

आणि मला हलकं वाटलं.

भीतीनं गोठले, असं म्हणता आलं असतं. लोक म्हणतात, समजून घेतात. पण मी गोठले नव्हते. मला सगळं नीट दिसत होतं. ती गोधडी माझ्यासमोरून गेली, पुढं जाऊन उसाच्या मुळाशी अडकली. तेवढा वेळ मी उभी होते. माझी मैत्रीण पाण्यात मरत होती आणि मी उभी होते.

मग मी पाण्यात होते. कशी उतरले, ठाऊक नाही. हाक-बिक काही मारली नाही, कुणाचं नाव तोंडात नव्हतं. पोटरीला पाणी लागलं तेव्हा कळलं की मी चाललेय. कुणी ढकललं मला? मी मानते ते मानते, पण त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही एवढं नक्की. केसाला धरून तिचं तोंड वर काढलं, काखेत हात घालून ओढत काठावर आणलं, कुशीवर वळवलं. ओठ निळे पडले होते. पाठीवर मारत राहिले, मारत राहिले. तिच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला आला. असला सुंदर आवाज मी आजवर दुसरा ऐकलेला नाही. मी ओरडायला लागले ते तेव्हा. उसाच्या पलीकडून माणसं धावत आली.

हौसा वाचली. पाणी छातीत गेलं होतं, दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले, पण वाचली. डॉक्टरनं विचारलं, गोळ्या का बंद केल्यास? मी खाटेशेजारीच उभी. हौसानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "इसरले."

का झाकलंस गं मला? पण तिनं मला झाकलं नव्हतंच. तिला वाटलं ते तिनं मला नंतर सांगितलं, घरी आल्यावर. "तुझा देव तुला पावला, मला न्हाई पावला. माझंच काय चुकलं आसंल. मन साफ न्हाई माझं. हे कुणाला सांगाया लाज वाटती, ताई."

कळलं का तुम्हाला? मी तिच्या गोळ्या काढून घेतल्या, तिचा जीव जवळजवळ घेतला, आणि वर तिला हे देऊन ठेवलं — की देवानं तिला बघितलं आणि नको म्हटलं.

गावानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार. शाळेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. बबनराव कोकणातून मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आला आणि भर सभेत माझ्या पाया पडला. एवढा मोठा पुरुष. मी त्याला उठवलं आणि गप्प बसले. मंडळीत ही माझी दुसरी साक्ष झाली. वर्षं गेली. सभांना जाणं मी कमी केलं, पण बोलावलं की नाही म्हटलं नाही. हौसा पुन्हा गोळ्या घेत होती, पुन्हा माझ्या मशिनीशेजारी बसत होती, पुन्हा हसत होती. तेवढं एक सोडून. आमच्याकडं प्रार्थना सुरू झाली की ती हळूच उठून बाहेर जायची. मी कशाला देवाच्या पुढ्यात, असं तिचं झालं होतं.

हे असंच मरेपर्यंत चाललं असतं. मी चालू दिलं असतं. ते मोडलं मंगलनं.

मंगलचं लग्न झालं, घोडेगावच्या बाजूला दिली. वर्षाच्या आत तिला सासरी फिट आली. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. हौसा दुपारची माझ्याकडं आली, मंगलचा हात धरून. तोंडावर काळजी, पण डोळ्यांत एक चमक होती. ती चमक बघून मला धडकी भरली.

"ताई, माझं न्हाई झालं ते ऱ्हाऊ दे. ह्या पोरीचं मन माझ्यापरीस साफ हाये. हिला तुज्या मंडळीत घेऊन चल. गोळ्या म्या आजच बंद करती."

मी मंगलला आत पाणी आणायला पाठवलं. खण उघडला. बॉबिनचा डबा काढला, दोरे बाजूला केले आणि गोळ्यांचं पाकीट हौसाच्या मांडीवर ठेवलं. "ह्या माझ्या," म्हणाले. "रोजच्या. पहिल्यापासून. एक दिवससुद्धा सोडल्या नाहीत. तू विचारलंस त्या दिवशीही इथंच होत्या."

तिनं पाकीट उलटसुलट केलं. तिला वाचता येत नाही, पण गोळी ओळखता येते. तिचीही तसलीच.  मी वाट बघत होते — शिवी देईल, मारेल. मारायलाच हवं होतं.

ती म्हणाली, "मंजी... देवानं मला न्हाई म्हटलं न्हवतं?"

"नाही गं. नाही. कधीच नाही."

"मंजी तुलाबी गोळीच लागत व्हती."

"हो."

हौसा हसायला लागली. खरंच सांगते. रडत होती आणि हसत होती, तिचं ते लांबून ऐकू येणारं हसणं. "म्या इतकी वरसं त्याच्यावर रुसून बसलेली! बिचाऱ्यानं काय केलंच न्हवतं!" मंगल पाण्याचा तांब्या घेऊन दारात तशीच उभी राहिली.

इथं थांबले असते तर माफी मिळाली असती. पण आता अर्धं ठेवायचं नव्हतं. मी पाटाचं सांगितलं. उभी होते ते. हलकं वाटलं ते.

तिचं हसणं थांबलं. तिनं पाकीट माझ्या मशिनीवर ठेवलं, मंगलचा हात धरला आणि निघून गेली.

त्यानंतर ती आली नाही. पाटावर दिसली तरी वाट बदलायची. हौसानं माझ्यापायी गोळ्या सोडल्या होत्या, एवढं मी तेव्हा शमुवेलला सांगितलं. तो म्हणाला, "मीपण गप्प होतो." एवढंच. माझी शिक्षा वाटून घेतल्यासारखं बोलला, पण ती वाटून घेता येत नव्हती.

मग एका सकाळी हौसा दारात. आत आली नाही. "मंगलला दवाखान्यात न्यायचीय. पोरगी आता गोळी घ्यायला मागत न्हाई, झोप येती म्हणती, माझं ऐकत न्हाई. तू चल, तुझं सांग तिला."

मी चप्पल घालायला लागले. ती बाहेरच बघत म्हणाली, "पाटावरचं म्या बबनला सांगितलं न्हाई. सांगणार बी न्हाई. माफ-बिफ मला कळत न्हाई ताई. राग हाये. पण तू आलीस पाण्यात. उशिरानं का व्हईना. न्हाई आली असतीस तर राग करायला बी मी ऱ्हायले नसते."

पिकअपमध्ये आम्ही तिघी पुढं बसलो. मी मंगलला माझं सगळं सांगितलं — फिट, चप्पल, पीठ, गोळ्या. दवाखान्यात तिच्यासमोर माझी गोळी काढून घेतली. तिनं तिची घेतली.

पुढचाच कापणीचा सण. खोली तशीच भरलेली. साहेबांनी विचारलं, साक्ष? मी उठले आणि पाकीट हातात उंच धरलं. वाटलं आत्ताच फिट येणार. पण बोलले. गोळी होती, औषध होतं, मी खोटं बोलले, एक बाई त्या खोट्यापायी मरता मरता वाचली.

टाळ्या नाहीत, हालेलुया नाही. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती. माझी साक्ष ऐकून जे कुटुंब मंडळीत आलं होतं, त्यातला कर्ता माणूस उठला. "मग आमी कशावर इश्वास ठेवला, बाई?" म्हणाला, आणि बायकापोरांना घेऊन बाहेर पडला. ते अजून परत आलेले नाहीत.  त्यांचं ते जाणं माझ्या डोक्यावर आहे.

याकोबसाहेब आता म्हातारे झालेत. ते खुर्चीवर बसले, चष्मा काढला. "मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही, करुणाबाई," म्हणाले. "मला ती साक्ष फार आवडली होती."

आणि मग आमची मार्थाआजी. सगळ्यात पुढं बसणारी, सगळ्यात मोठ्यानं गाणारी. तिनं कमरेची पिशवी सोडली, आतून गोळ्या काढल्या आणि हात वर केला. "माझ्या बीपीच्या. लपवून घेते. लोक म्हणतील म्हातारीचा विश्वास कमी." मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग एकीनं शुगरची गोळी काढली. एकानं दम्याचा पंप काढला — खिशातून, रुमालात गुंडाळलेला! हसू पसरत गेलं, साहेबसुद्धा हसायला लागले, आणि मार्थाआजीनं मध्येच गाणं धरलं. मी आमच्या मंडळीत पुष्कळ गाणी ऐकलीत. त्या दिवशीसारखं गाणं नाही. पत्रा फाटून वर जाईल असं गायले सगळे. दारात उभी राहून हौसा टाळ्या वाजवत होती. आत ये म्हटलं तर आली, आणि प्रार्थना सुरू झाली तेव्हा उठून गेली नाही.

तेव्हापासून आमच्याकडं नियमच झालाय. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची आणि आमेन म्हणताच विचारायचं — गोळी घेतली का? दवाखान्याच्या दिवशी शमुवेल पिकअप रिकामी ठेवतो. ख्रिस्ती, मराठा, धनगर, ज्या बाईला जायचं असेल ती चढते. गिरणीतली ती बाईही येते, तिला शुगर आहे. आता चांगलीच म्हातारी झालीय. मी हात देऊन तिला वर चढवते. मागं बसून त्या गाणी म्हणतात. आमची, त्यांची, टीव्हीतली. ऐकणाऱ्याला वाटेल वऱ्हाड चाललंय. माझा देव मला ह्या गाडीत जेवढा भेटतो तेवढा कुठल्या माईकवर कधी भेटला नाही.

परवा मंगलच्या मुलीचं बारसं झालं. डॉक्टरच्या देखरेखीखाली सगळं नीट पार पडलं, पोरगी गुटगुटीत. पाळण्याभोवती बायका जमल्या होत्या. मंगलच्या सासरची एक पाव्हणी मला बघून मोठ्यानं म्हणाली, "ह्याच का त्या? ह्यांनीच हौसाबाईला पाण्यातून वाचवलं ना?"

सगळ्या माझ्याकडं वळल्या.  हौसा पाळण्याची दोरी ओढत होती. मान वर न करता म्हणाली,

"वाचवलं की. पण लई उशीर केला राव हिनं!"

आणि हसत सुटली. बायकांना वाटलं चेष्टा. त्याही हसल्या. मीही हसले, डोळे पुसले, हौसाच्या नातीच्या मुठीत बोट दिलं.

पण बघा — त्या हसण्यात मी पुन्हा एकदा लपले. हौसानं दार उघडून दिलं होतं आणि मी आत गेले नाही. मंडळीला गोळ्यांचं ठाऊक आहे, पाटाचं नाही. बबनराव अजून वाटेत भेटला की हात जोडतो आणि मी अजून त्याला हात जोडू देते. म्हणून आज हे लिहायला बसले. हे लिहून झालं की आधी शमुवेलकडून बबनरावापुढं वाचून घेणार आहे, मग रविवारी मंडळीत मी स्वतः वाचणार आहे. गावात माझं नाव आहे ते बुडणाऱ्या बाईला वाचवणारी म्हणून. तिला बुडताना काठावर उभं राहून बघणारी मीच होते. आता तेही असेल.